बर्लिनला तिकिटावर शिक्का मारायला विसरू नका
एकाने लिहिलंय की बर्लिनच्या स्टेशनांवर फाटक नसतं, त्यामुळे मशीनमधून तिकीट काढलं की थेट गाडीत बसायचं. फाटक नसतं हे खरं, पण मधली एक पायरी राहिली. फलाटावरच्या मशीनमधून काढलेलं एकेरी तिकीट शिक्का मारेपर्यंत चालू होत नाही. फलाटावरच एक छोटा डबा असतो, लाल किंवा पिवळा. त्याच्या फटीत तिकीट सरकवलं की खट्ट आवाज होऊन तारीख-वेळ उमटते. ट्राम आणि बसमध्ये हा डबा आतच असतो. तपासनीस बहुधा साध्या कपड्यांत असतात, दार बंद झाल्यावरच ओळखपत्र काढतात. कोऱ्या तिकिटाला ६० युरो दंड, आणि 'आम्ही पाहुणे आहोत' हे कारण चालत नाही. आईबाबा आले तेव्हा मी त्यांना सगळ्यात आधी हा डबा दाखवला, ब्रांडेनबुर्ग गेट नंतर.

दुसरं, तिकिटासाठी बर्लिनचे ए, बी, सी असे झोन (विभाग) आहेत; ए आणि बी म्हणजे शहर, सी म्हणजे त्याबाहेरचा भाग. विमानतळ सी झोनमध्ये येतो. शहरात फिरायला एबी पुरतं, पण विमानतळावर जाता-येताना एबीसीच हवं. आधीच एबीचा पास असेल तर फक्त सीचं जोडतिकीट घ्या, स्वस्त पडतं. एबीचं एकेरी तिकीट दोन तास चालतं, कितीही गाड्या बदला, पण त्यावर परतीचा प्रवास चालत नाही. तीनच स्टेशनं जायचं असेल तर 'कुर्त्सश्ट्रेके' म्हणजे कमी अंतराचं तिकीट मागा, कमी पैशांत काम होतं.