मदत हवी आहे: हायस्कूलच्या पोरांना सीपीआर (श्वास थांबलेल्याची छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवणं) शिकवायचाय, पण सरावाचा पुतळा नाही

नमस्कार मंडळी. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये पीटी शिकवतो. गेल्या विसर्जनाला गावच्या तळ्यात एक पोरगा बुडता बुडता वाचला. बाहेर काढल्यावर चौघांनी त्याला उलटा धरून पाणी काढायचा घाट घातला. तो आपणच खोकला म्हणून निभावलं. तेव्हापासून डोक्यात आहे की आठवी ते दहावीला हे शिकवायचंच.

शनिवारी दोन तास घेतले. उशी दाबली की दबूनच राहते, पोरांना अंदाज येईना. कोपरं वाकतात ती वेगळीच. दुसरी गंमत मोजण्याची. मिनिटाला 100 ते 120 दाब हवेत. दहापर्यंत झकास जातं, पुढे 'एकोणीस', 'एकवीस' म्हणता म्हणता हात रेंगाळतात. काय करावं?

निपाणीकर: मी नर्स आहे. सर, दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्या, टोपण घट्ट लावा, जुन्या शर्टात गुंडाळून जमिनीवर आडवी ठेवा. दाबली की परत फुगते. खऱ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दबली पाहिजे आणि दर वेळी पूर्ण वर यायला हवी. मोजायचं तर एक ते दहा, तीनदा. झाले 30. मग 2 श्वास. बुडालेल्याला श्वास द्यावेच लागतात, नुसत्या दाबांवर भागवू नका. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला, दमलेला हात उथळ दाबतो. आणि हो, एकमेकांच्या छातीवर सराव अजिबात नको!

टिळकवाडी: 108 ला फोन करायचा सरावही घ्या, तोही कन्नडमध्ये. घाबरल्यावर आमच्या पोरांना शाळेतलं कन्नड आठवत नाही. 'उसिराडतिल्ल' (श्वास घेत नाही) आणि 'केरे हत्तिर' (तळ्याजवळ) एवढं पाठ असलं तरी पुष्कळ. गाव आणि तालुका आधी सांगायचा, रडगाणं नंतर.

धागाकर्ता: आभार! बाटल्या आणायला सांगितल्यात, उद्या वर्गात भंगारवाल्याचं दुकान होणार. फोनचं तर सुचलंच नव्हतं, कन्नडच्या बाईंना गाठतो. आता श्वासाचं अडलंय. 'तोंडाला तोंड' म्हटलं की नववीचा अख्खा वर्ग फिदीफिदी हसतो, पुढचं कुणी ऐकतच नाही. ताई, तुम्ही हे कसं शिकवता?