मजूर आहेत, काम वेळेवर निघत नाही

रोजगार हमीच्या कामावर माणसंच येत नाहीत, म्हणून ती योजना आपल्या सांगली जिल्ह्यात बंद पडली असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आमच्या आटपाडी-जतकडं दिवाळीच्या आसपास गावात काम दिसलं नाही की माणसं टोळीबरोबर ऊसतोडीला निघून जातात, आणि काम मंजूर होतं उन्हाळ्यात, मग कोण येणार? म्हणून कामांची यादी ऑगस्ट-ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच पक्की करून घ्या. आणि मागणी तोंडी नको, लेखीच द्या अन् तारखेची पोच घ्याच, कारण १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेरोजगार भत्ता मागता येतो तो त्या पोचेवरच, ती नसेल तर तुम्ही काम मागितलंच नाही असं होतं.

काम कुठलं हेही महत्त्वाचं, आधी डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर) मग खाली नालाबांध, उलटं केलं की पहिल्याच मोठ्या पावसात बांध गाळानं भरतो. नुसते मुरमाचे रस्ते काढून दुष्काळ हटत नाही हो.

रोजगार हमीचे जनक वि. स. पागेंनी १९६५ ला या योजनेचा प्रयोग सुरू केला तो आपल्याच तासगाव तालुक्यात, १९७२ च्या दुष्काळात अशाच रोजगाराच्या कामांनी राज्यातली लाखो माणसं जगवली. आपल्याच जिल्ह्यात रोजगार हमी मजुरांअभावी बंद पडली असं कुणी म्हटलं की खरंच वाईट वाटतं. पुढची ग्रामसभा कधी आहे तुमच्याकडं?