रेकॉर्ड केलेला आवाज ट्रॅकच्या मागे पडतो – मदत हवी आहे (घाई आहे)

अंतरा_विसरले
नमस्कार मंडळी. घरीच एक गाणं रेकॉर्ड करतेय. तबला-तानपुऱ्याचा तयार ट्रॅक आहे, त्यावर गाते. गाताना सगळं जागेवर वाटतं, पण परत ऐकलं की आवाज मागे. सम येऊन गेल्यावर मी येते! ओढून सुरुवात जुळवली तर पुढे भलतंच होतं. सगळी सेटिंग्ज बघून झाली. परवा फाइल पाठवायची आहे. कृपया 'व्हिडिओ बघा' सांगू नका, व्हिडिओ बघूनच डोकं उठलंय.

फेडर_खाली
सॉफ्टवेअर कुठलं? विंडोज का मॅक? माईक कशाला जोडलाय? किती मागे पडतं? आणि 'सगळी सेटिंग्ज' म्हणजे नक्की कुठली? ताकाला जाऊन भांडं लपवू नका हो.

बफरबाबा
याला लेटन्सी म्हणतात. बफर, म्हणजे आवाज एका वेळी किती साठवून पुढे ढकलायचा तो साठा, कमी करा, विषय संपला. सेकंदाला ४४१०० सॅम्पल (आवाजाचे नमुने) घेतले तर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, तेही जाताना वेगळे आणि येताना वेगळे. १२८ ठेवलात की तेच ३ च्या आत येतं. निम्म्या लोकांचं घोडं इथेच पेंड खातं.

लिनक्सवेडा
विंडोज असेल तर हे होणारच. लिनक्स टाका, पाइपवायर वापरा, सुखी व्हा.

फेडर_खाली
लिनक्सवेडा, परवा फाइल पाठवायची आहे म्हणतायत त्या. तुम्ही त्यांना घर बदलायला सांगताय.
बफरबाबा, थोडं थांबा. स्वतःचा आवाज सॉफ्टवेअरमधून फिरून कानात येत असेल तर बफर त्रास देतो. पण रेकॉर्ड झालेलं कुठल्या जागी ठेवायचं, ते सॉफ्टवेअर ड्रायव्हरला, म्हणजे माईक-हेडफोन चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, विचारून ठरवतं आणि तेवढं मागे सरकवून ठेवतं. ड्रायव्हर खरं बोलत असेल तर बफर १२८ असो की १०२४, रेकॉर्डिंग जागेवरच बसायला हवं.

बफरबाबा
'ड्रायव्हर खरं बोलत असेल तर' हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मी कित्येकांचं बफर कमी करून बरं केलंय.

अंतरा_विसरले
रीपर. विंडोज ११, लॅपटॉप. माईक यूएसबीचा आहे, थेट लावलाय, मध्ये कुठला डबा नाही. बफर १२८ केला. फरक तर नाहीच, उलट जास्त बिघडलं.
मागे किती, तर साधारण पाव सेकंद असेल. पण तेवढंच नाही. सुरुवातीला मागे असतं आणि गाणं संपता संपता बरोबर जुळतं. सुरुवात ओढून जुळवली की शेवटी मी तबल्याच्या पुढे, जवळजवळ अर्धी मात्रा. ट्रॅक पाच मिनिटांचा आहे.

उगाच_एक
राग मानू नका ताई, पण सॉफ्टवेअर ठीक आहे. गाताना लय वाढतेय तुमची. सगळ्यांचीच वाढते. रोज मेट्रोनोम लावून पलटे घोका, महिन्याभरात फरक दिसेल.

अंतरा_विसरले
लय वाढतेय का ते मला कळतं, धन्यवाद. गाताना बाजूला मोबाइल ठेवून त्यावरही आवाज घेतला होता. ती फाइल वेग न बदलता ट्रॅकवर ठेवली तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखीच मागे राहते. पुढे-मागे फक्त लॅपटॉपवरचं होतं.

मंद्रसप्तक
सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल घ्यायची तो आकडा! माईक ४८ किलोहर्ट्झचा (४८००० सॅम्पल) आणि प्रोजेक्ट ४४.१ चा, असं काही असणार. दोन्ही एकच करा. रीपरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, त्यात डिव्हाइस. शिवाय विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये माईकचा रेट वेगळा असतो, तोही बघा.

फेडर_खाली
मंद्रसप्तक, तसं असतं तर सूरही हलला असता. ४४.१ ला घेतलेलं ४८ च्या वेगाने वाजवलं तर जवळजवळ ९ टक्के जोरात पळतं आणि साधारण दीड अर्धस्वर चढतं. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकेल. पाच मिनिटांत अर्धी मात्रा नाही, पंचवीसेक सेकंदांचा घोळ होईल.
ताई, सूर जागेवर आहे ना?

अंतरा_विसरले
सूर अगदी जागेवर. तानपुऱ्याला चिकटून आहे.

जुनी_कॅसेट
धागा वाचून मजा वाटली. आमच्या वेळी टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ होता. १९७९ साली आला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. ना ड्रायव्हर, ना बफर. हेडफोन त्याच यंत्राला, माईकही त्याच यंत्राला, आणि टेप तर एकच. मागेपुढे व्हायला जागाच नव्हती. तीन ट्रॅक भरले की ते रिकाम्या चौथ्यावर उतरवायचे आणि पुन्हा सुरू. प्रत्येक उतरवणीला टेपची सूं-सूं वाढायची ते सोडा.
वर ४४.१ चा विषय निघालाय म्हणून सांगतो, हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळे आला. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवायचे. चित्राच्या एका रेघेत ३ सॅम्पल, कामाच्या २४५ रेघा, सेकंदाला ६० फील्ड म्हणजे अर्धी चित्रं. गुणाकार करून बघा.

अधलीमधली
इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारते. मला पॉडकास्ट सुरू करायचाय. कंडेन्सर माईक घेऊ की डायनॅमिक?

गादीवाला
कुणीच मूळ मुद्द्यावर बोलत नाहीये. खोली कशी आहे? उघड्या भिंती असतील तर आवाज आपटून परत येतो, म्हणून मागे वाटतो. माईकच्या मागे नाही, गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड रजई टांगा. पॉप फिल्टर लावा. कोपऱ्यात उभं राहू नका.

फेडर_खाली
गादीवाला, रजईचा सल्ला चांगला आहे, पण भिंतीमुळे पाव सेकंद मागे पडायला भिंत चाळीसेक मीटरवर पाहिजे.

शून्य_क्रॉसिंग
पहिल्यापासून वाचलं. जुनी_कॅसेट गप्पा मारता मारता उत्तराच्या सगळ्यांत जवळ गेलेत, पण तीन गोष्टी कळल्याशिवाय बोलणार नाही.
ट्रॅक ऐकायला हेडफोन कुठला, आणि तो कुठे लावलाय?
रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून टिक किंवा खट असा आवाज येतो का?
गाताना लॅपटॉप चार्जिंगला असतो का?

अंतरा_विसरले
हेडफोन ब्लूटूथ आहे, पण त्याचा काय संबंध? त्याचा माईक वापरतच नाही, गाते यूएसबी माईकवरच.
टिक येतं, हो. थोड्या थोड्या वेळाने. ते नंतर साफ करणार होते, तो वेगळा विषय म्हणून लिहिलं नाही.
चार्जर काढूनच गाते. लावला की माईकमध्ये गुणगुण येते.

शून्य_क्रॉसिंग
झालं. तुमच्याकडे एक नाही, दोन दुखणी आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतायत. म्हणून कुठलंही एक औषध लागू पडत नाहीये.

पहिलं ब्लूटूथ. आवाजाची माहिती आधी दाबून लहान करायची, हवेतून पाठवायची, पलीकडे उलगडायची, यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, कधी त्याहून जास्त. हा उशीर रीपरला धड कळत नाही. त्याच्या हिशोबाने सम वाजून गेलेली असते आणि तुमच्या कानात ती पाव सेकंदाने पोचते. तुम्ही ऐकता त्या समेवर बिनचूक येता, म्हणजे ट्रॅकच्या मागे. मोबाइलवरचं सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच मागे आहे, ते याच कारणाने. तुमची लय शाबूत असल्याचा पुरावाही तोच. उगाच_एक यांनी वाचावं.

दुसरं म्हणजे टिक. तो कचरा नाही, भोक आहे. लॅपटॉप दुसऱ्या कामात अडकला की माईककडून आलेली सॅम्पल वेळेत उचलत नाही आणि तेवढा तुकडा गळतो. गळलेल्या जागी पुढचा आवाज येऊन चिकटतो. प्रत्येक टिकला तुमचं गाणं थोडं थोडं आखूड होत जातं, म्हणजे त्यापुढचं सगळं अलीकडे सरकतं. पाच मिनिटांत असं पाव सेकंद गळलं की सुरुवातीचा उशीर फिटतो आणि शेवट 'जुळतो'. आणि बफर १२८ केल्यावर जास्त का बिघडलं, तर लॅपटॉपला श्वास घ्यायला वेळच उरला नाही, गळती वाढली.

खात्री करायची असेल तर एका टिकपाशी जाऊन वेव्ह इतकी मोठी करा की एकेक सॅम्पलचा ठिपका दिसेल. वळण घेत चाललेली रेघ एका जागी कात्रीने कापून भलत्याच उंचीवर जोडल्यासारखी दिसेल. तिथे वेळ गेलाय.

बफरबाबा
म्हणजे मूळ प्रश्न बफरचाच. असिओफोरऑल हा ड्रायव्हर टाकून बफर २५६. शंभर टक्के.

मंद्रसप्तक
मला अजूनही दोन घड्याळांची शंका आहे. माईकचं घड्याळ वेगळं, ऐकायच्या यंत्राचं वेगळं. ती कधीच तंतोतंत जुळत नाहीत.

शून्य_क्रॉसिंग
मंद्रसप्तक, शंका रास्त आहे पण आकडा बसत नाही. दोन घड्याळांत दहा लाखाला पन्नासाचा फरक धरला तर पाच मिनिटांत १५ मिलिसेकंद होतात. इथे पाव सेकंद गेलाय. शिवाय घड्याळाचा फरक टिक करत नाही, गुपचूप वाढतो.
बफरबाबा, असिओफोरऑल विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. कधी उपयोगी पडतो. पण ब्लूटूथ हेडफोन तो सुधारणार नाही, आणि लॅपटॉप बॅटरी वाचवण्यासाठी झोपा काढत असेल तर त्याला जागंही करणार नाही.

ताई, आधी हेडफोन. बऱ्याच यूएसबी माईकला हेडफोनचं भोक असतं, खालच्या बाजूला वगैरे, बघा आहे का. असेल तर तारेचा हेडफोन तिथे लावा आणि रीपरमध्ये आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज दोन्हीकडे तोच माईक निवडा. मंद्रसप्तक यांच्या दोन घड्याळांचाही निकाल लागेल. बफर ५१२ करा. स्वतःचा आवाज माईकच परस्पर कानात देईल, त्यामुळे ५१२ चा त्रास होणार नाही. फक्त रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर स्वतःला दोनदा ऐकाल.

अंतरा_विसरले
भोक आहे! मला वाटलं होतं ते चार्जिंगचं वगैरे काहीतरी. तारेचा हेडफोन लावला, सुरुवात चपखल जुळली. टिक कमी झालंय पण आहे. परफॉर्मन्स मीटर उघडलं, त्यात एक्सरन्स नावाचा आकडा मधूनच वाढतो.

शून्य_क्रॉसिंग
एक्सरन्स म्हणजे लॅपटॉप किती वेळा वेळेत पोचला नाही त्याची मोजणी, तो आकडा शून्यावर थांबेपर्यंत गाऊ नका. बॅटरी सेव्हर बंद करा, पॉवर मोडमध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडा. वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद. प्रोजेक्टचा फोल्डर आपोआप इंटरनेटवर चढत असेल तर तेही थांबवा, दर सेकंदाला वाढणाऱ्या फाइलमागे ते धावत असतं. एवढं करूनही टिक राहिलं तर लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, कुठला ड्रायव्हर अडवणूक करतोय ते नावानिशी सांगतं.

फेडर_खाली
चार्जरची गुणगुण दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर जाते का बघा. अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग हवा. पाच मिनिटांच्या गाण्याला बॅटरीवर चालून जाईल म्हणा, पण बॅटरी सेव्हर विसरू नका, बॅटरी उतरली की तो आपला आपण चालू होतो.

लिनक्सवेडा
हेच लिनक्सवर

फेडर_खाली
नको.

अंतरा_विसरले
वाय-फाय बंद केल्यावर थांबलं! अख्खा ट्रॅक नुसता रेकॉर्डला लावून ठेवला, एक्सरन्स शून्य. बॅटरी सेव्हरही चालूच होता.
आता आधी गायलेलं आहे त्याचं काय करू? त्यातला मुखडा फार छान लागलाय. फाइल थोडी ताणून ट्रॅकएवढी लांब केली तर?

शून्य_क्रॉसिंग
ताणू नका. गळती सगळीकडे सारखी झालेली नाही, टिकपाशी ढेकळाने झाली आहे. ताणलंत तर दोन टोकं जुळतील आणि मधलं सगळं हलेल. टिकपाशी कापा आणि पुढचा भाग तबल्याकडे बघून उजवीकडे सरकवा. असं एकेका टिकला. जोड श्वासाच्या जागी आला तर ऐकू येत नाही. सूर लांबवलेला असेल तिथे मात्र गळलेला तुकडा काही केल्या परत येणार नाही. फक्त मुखडाच हवा असेल तर त्यात किती टिक आहेत ते मोजा. एखाद-दुसरा असेल तर तेवढाच जुळवून घ्या.

अंतरा_विसरले
मुखड्यात एकच आहे, तोही श्वासावर. तेवढा ठेवते, अंतरे पुन्हा गाते. सगळ्यांचे आभार, रजईवाल्यांचेसुद्धा. टांगली आहे, आवाज खरंच बरा येतोय.

अधलीमधली
माझ्या माईकचं कुणी सांगेल का?

गादीवाला
खोली कशी आहे?