मदत हवी आहे : जीएलपी-१ चा निरोप रक्तातून जातो की मज्जातंतूंमधून?

वडिलांना मधुमेहासाठी सेमाग्लुटाईडचं आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू झालंय. साखर आटोक्यात येतेय, पण भूकही पार मंदावली आहे. चार घास खाल्ले की ताट बाजूला सारतात. असं का होतं ते समजून घ्यायला वाचायला बसले आणि एका ठिकाणी अडले.

जेवल्यावर आतड्यातल्या एल-पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात; सेमाग्लुटाईड त्याचीच नक्कल करतं. त्याने इन्सुलिन वाढतं, साखर वाढवणारं ग्लुकॅगॉन दबतं, जठर सावकाश रिकामं होतं. इथवर कळलं. पण हे संप्रेरक रक्तात जेमतेम १-२ मिनिटं टिकतं. डीपीपी-४ हे विकर आतड्याच्या केशवाहिन्यांमध्येच असतं आणि बराचसा जीएलपी-१ तिथेच निकामी होतो. मग मेंदूला पोट भरल्याचं कळतं कसं?

मेंदू आणि पोट जोडणाऱ्या व्हेगस नसेतून, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलंय. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू मेंदूकडे निरोप नेणारेच असतात म्हणे. उंदरांची ही नस पोटाशी कापली की कोलेसिस्टोकायनिन या आतड्यातल्याच दुसऱ्या संप्रेरकाने भूक भागणंही जवळजवळ थांबतं. पण १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी आतड्याच्या नसा तोडूनही तिथे आम्ल घातल्यावर स्वादुपिंड पाझरलं होतं. तिथे निरोप रक्तातूनच गेला. मग कुठे नस आणि कुठे रक्त, हे ठरतं कशावरून? आणि आठवडाभर टिकणारं औषध नेमकी कोणती वाट धरतं?

प्रतिसाद :
ताई, संप्रेरक किती टिकतं आणि नसेची टोकं किती जवळ आहेत, यावर बरंच अवलंबून असतं. शरीरातला जीएलपी-१ अल्पायुषी, म्हणून एल-पेशींच्या शेजारची व्हेगसची टोकं महत्त्वाची. औषध मात्र रक्तात भरपूर आणि सतत असतं. मेंदूच्या तळाशी एरिया पोस्ट्रेमा नावाचा भाग आहे, तिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर सैल असतो. औषध तिथे थेट पोचतं. इन्सुलिनबरोबर सुटणारं अमायलिनही तिथेच काम करतं. उंदरांच्या व्हेगसमधले जीएलपी-१ चे ग्राही (त्याचा निरोप टिपणारे रेणू) काढले, तरी याच गटातल्या लिराग्लुटाईडने त्यांची भूक कमी झालीच.

वडील सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी साखर उतरवणारी गोळी घेतात का? खाणं इतकं घटलं असेल तर साखर फार खाली जाऊ शकते. डोस मनाने बदलू नका, पण डॉक्टरांना लगेच सांगा.

धागाकर्ती :
ग्लिमेपिराईड चालू आहे. आजच फोन करते. मनापासून आभार.