मदत हवी आहे: केबल बंद करून नवीन टीव्ही आणि वायफाय लावायचंय, पण सासूबाईंच्या मालिका चुकायला नकोत (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, आम्ही मंगळवार पेठेत राहतो, घर जुनं आहे, खाली सोपा (पुढची बैठकीची खोली) आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, भिंती सगळ्या जुन्या पद्धतीच्या लै जाड. परवा ४३ इंची गूगल टीव्ही घेतलाय, सोप्यात भिंतीवर लावलाय आणि आता पुढचं काय करायचं यावर घरात रोज चर्चा चाललीय. केबलचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास जातात, मोबाईलचे रिचार्ज वेगळे, मुलगा दहावीला त्याचे ऑनलाईन क्लास हॉटस्पॉटवर, आणि ह्यांचं म्हणणं की केबल बंद करूया आणि त्या पैशात फायबर (काचेच्या बारीक तारेवरचं इंटरनेट) घेऊया, एकाच वायरवर सगळं होऊन जाईल.

मला ते पटतंय, पण सासूबाईंचं काय? त्यांचं वय ७६, गुडघ्यांमुळं बाहेर जाणं जवळजवळ बंद, दुपारी आणि संध्याकाळी टीव्ही हीच त्यांची सोबत. केबलच्या रिमोटवर त्यांना आकडे पाठ आहेत, आकडा दाबला की मालिका सुरू. नवीन रिमोटवर आकडेच नाहीत! शिवाय लोकल चॅनेलवर त्या अंबाबाईची आरती आणि गावातल्या बातम्या बघतात, किरणोत्सव (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो) तर सगळं काम बाजूला ठेवून बघतात. त्यांनी स्वतःहून "नको गं, माझ्यासाठी खर्च नको" म्हटलंय आणि तेच मला जास्त लागलंय. घरात नवीन वस्तू आली आणि त्यांचं बघणंच बंद झालं असं मला होऊ द्यायचं नाही.

तर विचारायचं असं की ३० एमबीपीएस स्पीडचा महिना ३९९ वाला प्लॅन पुरेल का, का १०० चा घेऊ? वरच्या खोलीत मुलाला रेंज मिळंल का? फ्री डिशचं ऐकलंय, त्यावर स्टार प्रवाह आणि झी मराठी लागतं का? आणि लाईट गेली की वायफाय पण जाणार, त्याला काय उपाय? ज्यांनी घरातल्या वयस्कर माणसांसाठी असं केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

प्रतिसाद:
ताई, आम्ही कळंब्यात आईसाठी हेच केलंय, म्हणून जे माहितीय ते सांगतो. स्पीडची काळजी करू नका. फुल एचडी बघायला ५ एमबीपीएस बास होतं, ४के (4K) चित्राला १५ च्या आसपास लागतं, म्हणजे टीव्ही आणि मुलाचा क्लास एकावेळी चालला तरी ३० मध्ये निभतं. ३९९ वर १८ टक्के जीएसटी धरा, म्हणजे हातात ४७१ रुपये पडतात. डेटा तासाला एचडीत साधारण ३ जीबी जातो, रोज पाच तास धरले तरी महिन्याला साडेचारशे जीबी, आणि अशा प्लॅनला बहुतेक ३३०० जीबीची मर्यादा असते, त्यामुळं तिकडं बघायची गरजच नाही.

खरा प्रश्न तुमच्या भिंतींचा आहे. फायबरवाला माणूस येतो आणि खांबावरून वायर घेऊन पहिल्या खिडकीजवळ डबा (वायफाय देणारा राऊटर) ठोकून मोकळा होतो, त्याला आधीच सांगा की डबा सोप्यात टीव्हीच्या शेजारीच पाहिजे. तिथून टीव्हीला लॅन केबल (इंटरनेटची वायर) लावा, वायफायवर ठेवू नका. टीव्हीला वायर गेली की वायफाय फक्त मोबाईल आणि वरच्या खोलीसाठी उरतं. वायफायचे दोन बँड असतात, ५ गिगाहर्ट्झ जोरात चालतं पण जाड भिंतीपलीकडं टिकत नाही, २.४ लांब जातं, म्हणून मुलाला २.४ जोडून बघा. नाहीच जमलं तर जिन्यातून लॅन केबल वर नेऊन तिथं दुसरा साधा राऊटर लावायचा. फायबरची वायर मात्र काटकोनात वाकवू देऊ नका, आतली काच तुटते.

फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, प्रसार भारतीचं आहे, एकदाच छत्री आणि बॉक्सचा खर्च. सह्याद्री येतं, पण स्टार प्रवाह आणि झी मराठी हे पैसे भरायचे चॅनेल, ते त्यावर नाहीत. छत्री जीसॅट १५ या उपग्रहाकडे म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला लागते, त्या बाजूला नारळ किंवा उंच इमारत नको. आणि आपल्याकडचा जुलै ऑगस्टचा पाऊस जोरात आला की चित्र थांबतं, ते धरूनच चाला. सासूबाईंच्या मालिका ॲपवरच, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर.

रिमोटचं असं करा, होम स्क्रीनवर ॲपवर ओके जरा जास्त वेळ दाबून ठेवलं की ते हलवायचा पर्याय येतो, त्यांची दोन ॲपं अगदी पहिली आणि तिसरं यूट्यूब, बाकी सगळं मागं. मग उजवीकडं किती वेळा दाबायचं एवढंच शिकवायचं. आईला एक आठवडा शेजारी बसून दाखवलं, आता ती स्वतःच अर्धवट राहिलेला भाग परत लावती. मराठी बातम्यांचे चॅनेल यूट्यूबवर लाईव्ह असतात, किरणोत्सव (३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर) पण बघायला मिळतो. शाहू स्टेडियमच्या मॅच बघणारं कोण घरात असंल तर त्यापण बऱ्याचदा तिथंच असतात. लाईट गेल्यावर डबा बॅटरीवर चालू ठेवायला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, आधी डब्याच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. डबा सोप्यात आणि टीव्हीला वायर हे पक्कं. फ्री डिश आता नको, आमच्या आग्नेयेला शेजारच्यांची तीन मजली बिल्डिंग आहे. सासूबाईंना दोन ॲपांचं सांगितलं तर "पहिल्यांदा आरती कुठं लागती ते दाखव" म्हणाल्या, म्हणजे पहिल्या जागेवर यूट्यूबच ठेवावं लागेल. केबल लगेच बंद न करता महिनाभर दोन्ही चालू ठेवावं असं मला वाटतंय, त्यांना सवय होईपर्यंत. केबलचा बॉक्स परत देताना डिपॉझिट मिळतं का, आणि पावती कशाची मागायची, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.

प्रतिसाद:
महिनाभर दोन्ही ठेवा, योग्यच आहे. बॉक्स घेताना डिपॉझिट भरलंय का विकत घेतलाय ते जुन्या पावतीवर बघा. डिपॉझिट असेल तर बॉक्स, अडॅप्टर आणि रिमोट तिन्ही द्या, बॉक्सचा नंबर लिहून "परत मिळाला" अशी सही घ्या, आणि कनेक्शन बंद केल्याची तारीख त्याच कागदावर टाकून घ्या.