मदत हवी आहे: वऱ्हाडी बोलणारा निवेदक, पण निवेदन कोणत्या भाषेत?

साधारण ३००० शब्दांची कथा लिहितोय. वरूडकडचा संत्र्याचा बगीचा, आंबिया बहार (हिवाळा संपताना आलेल्या फुलांची फळं) गळतोय, आणि सांगणारा त्या घरातला सोळा वर्षांचा पोरगा. प्रथमपुरुषी. सगळं घोडं तिथंच अडलंय.

आधी संवाद वऱ्हाडी आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं. पोरगा तोंडानं म्हणतो, "मले काऊन सांगतं?" आणि पुढच्याच ओळीत मनात म्हणतो, 'मला त्यांच्या बोलण्याचा राग आला.' जणू मधे कुणी गुरुजी येऊन बसले! मग अख्खी कथा वऱ्हाडीत लिहिली. गावाकडच्या मित्राला आवडली, पुण्याच्या मैत्रिणीनं दुसऱ्या पानावर सोडून दिली. तळटीपाही देऊन पाहिल्या, पण वाचनाची लय तुटते. तृतीयपुरुषी निवेदन सुचवू नका प्लीज, शेवट त्याच्या तोंडूनच यायला हवा.

आता मधला मार्ग बघतोय: वाक्यरचना प्रमाण, पण 'मले', 'तुले', 'करून राह्यला' एवढंच बोलीतलं. उदाहरणार्थ, 'मले वाटलं बाबा ओरडतील, पण ते गळालेली फळं टोपल्यात भरत राहिले.' इथं 'मले'च्या शेजारी 'ओरडतील' मला खटकतं. 'ओरडतीन' केलं तर पुढं सगळंच बदलत जातं.

बोली माझी स्वतःची आहे, त्यामुळे शब्दांची अडचण नाही. ज्यांनी मालवणी, अहिराणी किंवा कुठल्याही बोलीत प्रथमपुरुषी लिहिलंय त्यांना विचारायचंय: निवेदनात बोलीतलं नेमकं काय ठेवलंत, विभक्ती, क्रियापदं की फक्त शब्द? आणि ते पहिल्या ओळीपासून, की हळूहळू वाढवत नेलंत?