टेस्टोस्टेरॉन २६८ आलंय, इंजेक्शन घेऊ का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आयडी नवीन काढलाय कारण जुन्या आयडीवर गावातले आणि सासरवाडीचे पण लोक आहेत. रावेरकडचा आहे, वय ३६, घरची केळी. वर्षभरापासून अंगात जीवच नसल्यासारखं वाटतं, दुपारी जेवलं की बागेत पाय वळत नाही, आधी वाटलं ऊन, मग वाटलं भाव पडल्याचं टेन्शन, पण थंडी आली तरी तेच. इच्छा पण कमी झालीय (समजून घ्या). वजन ९४, पोट सुटलंय, शुगर बॉर्डरला आहे, आणि मिसेस म्हणते इतका घोरतो की लेकरू उठून बसतं.

जिमच्या ट्रेनरने सांगितलं टेस्टोस्टेरॉन चेक कर. जळगावला कामाला गेलो होतो, संध्याकाळी येता येता लॅबमध्ये रक्त दिलं. २६८ आलं, बाजूला रेंज ३०० ते १००० छापलीय. आता तो म्हणतो इंजेक्शनचा कोर्स करू, माझ्याकडेच मिळतं, बिलाचं विचारू नको. अडचण अशी की आमचं दुसऱ्या बाळाचं चाललंय. इंजेक्शनने ताकद येईल म्हणजे ते पण लवकर जमेल, असं त्याचं म्हणणं. खरंय का हे? आणि दाखवायचं कोणाला? गुप्तरोगाच्या पाट्या लावलेल्यांकडे जायचं नाही. फॅमिली डॉक्टर वडिलांचे दोस्त आहेत, त्यांच्यासमोर तोंडच उघडत नाही.

तापीकाठ:
भो, ट्रेनरला पहिले हात जोड. बाळ पाहिजे असताना हे इंजेक्शन म्हणजे बरोब्बर उलटं काम. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला वाटतं गोदाम भरलेलं आहे, ती एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन सोडायचं थांबवते, आणि ते दोन नसले की वृषणात शुक्राणू बनायचे बंद. काहींचा काउंट पार शून्यावर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने तर हेच इंजेक्शन आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, १९९० ला निकाल छापून आलाय, आणि तुझा ट्रेनर तेच बाळासाठी देतोय! बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परत येतो पण त्यात सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त जातं.

लॅबवाला भुसावळ:
दादा संध्याकाळच्या रक्तावर काहीच ठरवू नका. हे हार्मोन सकाळी वर असतं, दिवस कलला की उतरतं. सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी करा, दोन्हीदा ३०० च्या खाली आलं तरच कमी धरतात. ताप-सर्दीत नको. रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला उठला असाल तर त्या सकाळी पण नको, झोप मोडली की आकडा पडतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काही मशीनवर त्याने रिपोर्ट चुकतो.

पुढच्या वेळी सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, तीन महिन्यांची शुगर आणि एसएचबीजी लिहून घ्या. एसएचबीजी म्हणजे टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रोटीन. जाड माणसात ते कमी असतं, म्हणून एकूण आकडा कमी दिसतो पण कामाचं मोकळं टेस्टोस्टेरॉन कधी कधी ठीक निघतं. एलएच वाढलेलं असेल तर बिघाड वृषणाचा (गालगुंड होऊन तिथे सूज आली होती का कधी?), एलएच कमी किंवा नॉर्मलच असेल तर वरून, म्हणजे पिट्युटरीकडून बघावं लागतं, त्यात लठ्ठपणा आणि शुगर पण आले.

धुळ्याची ताई:
भाऊ, मी बाई असून लिहिते, राग मानू नका. आमच्या ह्यांचं पण असंच, थकवा, चिडचिड, घोरणं. झोपेची तपासणी केली तर रात्रीतून कितीदा तरी श्वास अडकायचा. आता मास्क लावून झोपतात, वजन पण उतरवलं, माणूस बदलला बघा. टेस्टोस्टेरॉनचं एक इंजेक्शन लागलं नाही. तुमचं घोरणं, पोट आणि शुगर ऐकून मला तर आधी तेच आलं डोक्यात. आणि वीर्य तपासणी करून घ्या, नुसती बायकोचीच सोनोग्राफी करत बसू नका ही कळकळीची विनंती.

तापीकाठ:
ताईंना +१. डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनोलॉजिस्ट (हार्मोनचा डॉक्टर), नाहीतर युरोलॉजिस्ट. खाजगीचा खर्च नको असेल तर जळगाव आणि धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मेडिसिन ओपीडीत जा, तिथे वडिलांचे दोस्त नाहीत. तोंड उघडत नसेल तर रिपोर्ट पुढे सरकव आणि 'दुसरं बाळ पाहिजे' एवढं सांग. त्यावरून औषध बदलतं, अशा वेळी क्लोमिफेन किंवा एचसीजी या, अंगातलंच टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या औषधांचा विचार करतात. खरंच कमी असेल आणि मूल नको असेल त्यांना टेस्टोस्टेरॉन देतात, पण मग हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर जाऊन रक्त घट्ट होत नाही ना हे बघत राहावं लागतं. ट्रेनर हे बघणार आहे का?

(मूळ धागाकर्ता):
सगळ्यांचे आभार, ट्रेनरला नाही म्हणून कळवलंय, तो फुगलाय. मिसेसला पण धागा वाचायला दिला. लॅबवाले दादा, एक राहिलं, एवढ्या सगळ्या टेस्टला कितीदा सुई टोचावी लागते? मला सुईची जाम भीती आहे.

लॅबवाला भुसावळ:
दर खेपेला एकदाच. नळ्या दोन-तीन भरतात, शुगरची जांभळ्या झाकणाची वेगळी. आडवे पडून द्या, भीती असणाऱ्यांना आम्ही तसंच घेतो.